वाड्याच्या लिलावात भज्यांचा वास आला तर बिघडलं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलंय. जुन्या घरातल्या सामानाच्या लिलावाला हल्ली जत्रेची कळा आली आहे, घरातलं माणूस जाऊन वर्ष होत नाही तोवर दारात कढई चढते, तेलाचा धूर, चहाचे कप, पत्रावळ्या, गेलेल्या माणसाची काही चाड म्हणून नाही, असं बरंच काही. गावाचं नाव त्यांनी घातलेलं नाही पण खानापूर तालुका आणि धो धो पाऊस एवढं वाचल्यावर मला कळलं, कारण त्या दिवशी तिथं कढई एकच होती आणि ती माझी होती. म्हणजे पत्र मलाच आहे म्हणायचं. मग उत्तर मीच द्यायला पाहिजे, दुसरं कोण देणार. मोबाईलवर टाइप करतेय, मधे गिऱ्हाईक आलं की ठेवून देतेय परत घेतेय, तेव्हा काना-मात्रा तुमच्या लोकांनी बघून घ्यावी. गावाचं नाव मी पण घालत नाही, त्या घरच्यांची उगीच चर्चा नको.

मी बेळगावची, शहापुरातली. 22 वर्षं झाली, मिरची भजी, कांदा भजी, उप्पीट आणि चहा हाच धंदा. आठवडी बाजार असतो, जत्रा असतात, कुठं पोरांच्या क्रिकेटच्या मॅची असतात. पावसात गाडी लावायचं मला कुणी शिकवायला नको, वडगावच्या मंगाईची जत्राच मुळी आषाढात येते, तिथं वरनं पाऊस आणि खाली चिखल यातच आमचा धंदा होतो. पण लिलावाला गाडी लावायची ही माझी पहिलीच वेळ. (लिलाव म्हणतेय, आमची म्हातारी माणसं सवाल म्हणायची, कन्नड लोक हराज म्हणतात, सगळं एकच.) लिलाव घेणाऱ्यांचा फोन आला, मावशी दीडशे-दोनशे माणूस येणार, सोप्यात (म्हणजे पुढच्या ओसरीत) कोरडी जागा देतो, आडाचं पाणी आहे, जागेचे 1000 रुपये द्या, दुसरं कुणी खाण्याचं बोलवत नाही. घरची तीन भावंडं, दोघं पुण्यात एक मुंबईत, घर विकलंय, घेणारा पाडून बंगला बांधणार, म्हणून आतलं सगळं एका दिवसात काढायचंय. मी हो म्हटलं. 1000 रुपये तेवढ्यात फोनवरनं पाठवले पण. ती माझी चूक, आधी जागा बघायला पाहिजे होती, पण बेळगावहून खानापूरच 25-26 किलोमीटर आणि त्याच्या पुढे आत हे गाव, नुसती जागा बघायला कोण जातंय.

पुनर्वसू नक्षत्र लागलेलं, आम्ही त्याला तरणा पाऊस म्हणतो आणि खरंच तो तरण्या पोरासारखा पडतो, दम म्हणून खात नाही. आदल्या दिवशी रात्री मोबाईलवर आलं की बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या शाळांना सुट्टी. मी लिलाववाल्याला फोन केला, उद्याचं कसं? तो म्हणतो पाऊस काय आपल्याला नवीन हाय मावशी, लिलाव हाय म्हणजे हाय. बरं. पहाटे 4 ला उठून मिरच्या चिरा देऊन ठेवल्या, कांदा चिरला, बेसन 6 किलो, मिरची 4 किलो, कांदा 10, रवा 3, नंदिनीचं दूध 10 लिटर, तेल 5 लिटर, आणि वर थोडे चुरमुरे घेतले, भडंग करून देऊ म्हटलं. 19 किलोचा सिलिंडर, तो धंद्याचा, घरचा 14.2 किलोचा नव्हे, हे मुद्दाम लिहितेय कारण त्या गृहस्थांनी "असुरक्षित गॅस" असाही शब्द घातलाय. टेम्पोवाल्यानं एरवीपेक्षा जास्त घेतले, 1500, रस्ता बघून मला पण घासाघीस करवेना. बरोबर माझा भाचा, त्याला दिवसाचे 500.

पोचलो तर सोप्यात पाय ठेवायला जागा नाही. सगळा सोपा सामानानं भरलेला. शिसवी पलंग, तांब्याचा बंब, दोन घंगाळं, समया, झोपाळ्याच्या पितळी कड्या, चिनी मातीच्या बरण्या, भाताची मापं, शेर, पायली, अधोली सगळी एकात एक बसवून ठेवलेली, एक शिलाई मशीन, एक रेडिओ, जातं तर चौघांनी ढकलत आणून दारात टाकलेलं. आणि लिलाववाला मला म्हणतो मावशी तुम्ही हिकडं बाहेर लावा की. बाहेर म्हणजे कुठं तर बरोबर पागोळ्यांच्या खाली. ज्यांना जुनं कौलारू घर माहीत आहे त्यांना कळेल, खानापुरी कौलांवरनं पावसाचं सगळं पाणी जिथं धारेला लागतं ती जागा. त्यासाठी 1000 रुपये. मी म्हटलं कोरडी जागा म्हणाला होतास, तर म्हणतो सामान भिजलं तर मालक मला धरतील, भजी भिजली तर काय व्हतंय. आता यावर काय बोलायचं.

ताडपत्री एकच आणलेली. ती एका बाजूला खिडकीच्या गजांना आणि दुसऱ्या बाजूला दोन बांबूंना बांधली. ताडपत्रीला पोट सुटतं, म्हणजे मधे पाणी साचून ती खाली लोंबते, मग खालनं काठीनं ढोसून ते पाणी बाहेरच्या बाजूला सोडायचं असतं, हे काम भाच्याकडं. पोरगं 17 वर्षांचं, अर्धं लक्ष लिलावात. एकदा ते पोट बरोबर कढईच्या वर आलेलं, तेल चांगलं तापलेलं, आणि यानं काठी लावली ती उलट्या बाजूनं. मला ते पाणी सरकताना दिसलं. तेलात पाणी पडलं तर काय होतं ते ज्याच्या हातावर उडालंय त्यालाच विचारा. हातात पिठाची परात होती ती तशीच पिठासकट उचलून कढईवर आडवी धरली. पाणी परातीत, माझ्या डोक्यावर, पाठीवर, पीठ सगळं पातळ होऊन पायावर. काही थेंब गेलेच आत, तडतड करून मनगटावर दोन फोड आले. पण कढई वाचली, पोरगं वाचलं, शेजारी एक म्हातारे चहा घेत उभे होते ते वाचले. साधारण दोन किलोचं भिजवलेलं पीठ गेलं. नंतर मी शेगडी हलवून थेट भिंतीला लावली आणि कढईच्या वर पत्रा बांधून घेतला, जो आधीच बांधायला पाहिजे होता. पत्रा कुठनं आणला तर लिलावातलाच, भंगाराच्या ढिगातला, विकला जाईपर्यंत वापरला.

लिलावाची वेळ जाहिरातीत सकाळी 10 ची. सुरू झाला पाऊण वाजता. मी साडेनऊला उप्पीट करून तयार, गरम असतं तोवर त्याला चव, नंतर ते गार होऊन दडदडीत होतं, परत पाणी शिंपडून वाफ दिली तरी पहिलं ते पहिलं. उशीर का तर पुण्याचे भाऊ वाटेत अडकले. ठीक आहे, पाऊस आहे, पण एक फोन करून सांगावं की. दीडशे-दोनशे माणूस पण नव्हतंच, मी मोजली तेव्हा सत्तरच्या आसपास. त्यात दहा-बारा भंगारवाले, गोव्याहून एक पार्टी आलेली, त्यांना हॉटेलात मांडायला जुन्या खुर्च्या-पलंग पाहिजे होते, आणि बाकी सगळी आजूबाजूच्या गावची माणसं. कुणाच्या अंगावर रेनकोट, कुणी खताच्या पिशवीची खोळ करून डोक्यावरनं घेतलेली, एक आजोबा तर चक्क इरलं घेऊन आलेले, हल्ली दिसत नाही, मला वाटलं ते पण लिलावातलंच आहे.

आता धंद्याचं सांगते, कारण पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं आम्ही नुसतं तळत बसतो. लिलावाची गर्दी जत्रेसारखी नसते. जत्रेत माणूस सारखा येत असतो. लिलावात बोली चालू असली की कुणी हलत नाही, पलंगावर बोली चढायला लागली की मला वीस मिनिटं एक गिऱ्हाईक नाही, आणि मग एक वार दोन वार तीन वार झालं की पंचवीस माणसं एकदम. कन्नडमधनं पण पुकारायचा तो, ओंद सल, एरड सल, मूर सल, आणि मूर सल ऐकलं की मी घाणा सोडायचा असं ठरवून टाकलं. पण तेवढ्यात कच्ची मिरची तळून पुरी होत नाही, म्हणून मधल्या वेळात सगळ्या मिरच्या अर्ध्या तळून परातीत काढून ठेवायच्या आणि पुकारा झाला की दुसरी तळणी, दोन मिनिटांत ताटात. चहाची किटली घेऊन भाचा आत, माणसांच्या मधनं. त्यात एक घोळ झाला. मी आपली सवयीप्रमाणं ओरडतेय, चहा दहाऽ, भजी तीऽस. आत जुन्या मासिकांचा गठ्ठा निघालेला, पंचवीस रुपयांवर अडकलेला, कुणी पुढं जाईना. माझं भजी तीस ऐकून लिलाववाला म्हणतो तीस एक वार. सगळे हसायला लागले, तो मात्र चिडला, बाहेर येऊन म्हणतो अक्का तुम्ही ओरडू नका, माझा हिशोब चुकूलालाय. मग काय, एका पुठ्ठ्यावर भाव लिहून टांगला, वर कन्नड खाली मराठी. बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे असा नियम आहे ना दुकानांना, पुठ्ठ्याला लागतो की नाही माहीत नाही, पट्टी लावून मोजायला वेळ नव्हता. अर्ध्या तासात पावसानं शाई उतरली, ती दोन्हीची सारखीच उतरली.

भडंग गेला नाही. चुरमुरे डब्यातनं काढले की पाच मिनिटांत सादळायचे, एक प्लेट एकानं परत दिली, बरोबर होतं त्याचं. कशाबशा 20 प्लेटी गेल्या त्या पोरांनी घेतल्या. चहा मात्र असा गेला की 10 लिटर दूध 2 वाजता संपलं, मागच्या घरी म्हैस होती तिथनं 4 लिटर घेतलं, 60 रुपये लिटरनं. संध्याकाळी हिशोब केला तो असा. चहा 310 कप, दहा रुपयांनी 3100. भजी 112 प्लेट, 3360. उप्पीट 36 प्लेट, 1080. भडंग 400. गल्ला 7940. खर्च सगळा धरून, टेम्पो, भाचा, गॅस, जागेचे 1000, म्हशीचं दूध, 7000. हातात 940 रुपये आणि मनगटावर दोन फोड. हे आमचं "मेलेल्याच्या दारात पैसा करणं".

आता त्या चाडीचं. मला हे वाक्य लागलं म्हणून सगळ्यात जास्त त्यावरच लिहिणार होते, पण खरं तर एवढंच सांगायचंय. त्या घरची मुलगी, म्हणजे आता साठीच्या असतील त्या, पुण्याहून आलेल्या. सकाळपासून आत बसून होत्या. एकेक वस्तू बाहेर जाते ती बघत असणार. तीनच्या सुमारास बाहेर आल्या, छत्री नव्हती, माझ्या ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या, म्हणाल्या काय आहे हो खायला. उप्पीट दिलं, वर थोडा लिंबाच्या लोणच्याचा खार. उभ्यानंच खाल्लं. मग म्हणाल्या अजून एक द्या. मग जात्यावर बसल्या, दारात टाकलेलं ते जातं, कुणी घेतलंच नव्हतं, आणि म्हणाल्या सुगीत ह्या दारात रोज 40 पानं उठायची, आई सकाळी 5 ला चूल पेटवायची ती रात्री विझायची. पैसे द्यायला लागल्या, मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, 60 रुपये हातात ठेवले आणि परत आत गेल्या. ज्या घरचा माणूस गेला त्या घरच्या मुलीला माझ्या कढईचा त्रास झाला नाही. पत्र लिहिणारे त्या घरचे कोण लागतात ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांनी तिथं काय खाल्लं ते पण लिहिलेलं नाही.

घाणीबद्दल बोलले ते मात्र अर्धं खरं आहे आणि ते मी कबूल करते. पत्रावळ्यांना पोतं लावलेलं, पण लोक पावसात पोत्यापर्यंत येईनात, जिथं उभे तिथं टाकायचे, आणि गावची दोन कुत्री त्या ओढून पार गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेलेली. संध्याकाळी मी आणि भाच्यानं दोन पोती भरून उचलल्या, तरी गटारात काही राहिल्या असतील. पण प्लॅस्टिकच्या प्लेटी-कप माझ्याकडं नसतात, 1 जुलै 2022 पासून बंद आहेत ते, चहा काचेच्या ग्लासातनं देते, धुवायला एक बादली गरम पाण्याची वेगळी. तेल परत परत वापरतात असं त्यांनी लिहिलंय. साहेब, तळलेलं तेल किती खराब झालं की टाकायचं याचा पण नियम आहे, त्यातले पोलर घटक, म्हणजे तळून तळून तेलात तयार होणारे खराब पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, 2018 पासून आहे. माझ्याकडं मोजायचं यंत्र नाही हे खरं, पण तेल काळं पडून फेस धरायला लागलं की ते गेलं हे कळायला 22 वर्षं पुरतात. त्या दिवशीचं उरलेलं तेल कॅनमध्ये भरून घरी आणलं, गटारात ओतलं नाही, ते म्हशीवाल्या बाईंनी बघितलंय. अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन पण आहे, मी काढलं तेव्हा ते वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्या छोट्या धंद्याला असायचं आणि वर्षाला 100 रुपये होते, नंबर गाडीवर लावलेला आहे, 14 आकडी, ज्यांना बघायचं त्यांनी येऊन बघावं. आणि हो, भजी मी पेपरात बांधून देत नाही. शाई अन्नाला लागते म्हणून सरकारनंच नको म्हणून सांगितलंय. तुमचा पेपर आहे म्हणून राग मानू नका, वाचायला रोज घेतेच.

पण खरं सांगायचं ते दुसरंच आहे, आणि हे मी भजीवाली म्हणून नाही तर गिऱ्हाईक म्हणून सांगतेय. गेल्या वर्षी बेळगावच्या जवळच अशाच एका घरच्या लिलावाला मी आणि माझी जाऊ गेलेलो. मला धंद्याला एक मोठं पितळी पातेलं पाहिजे होतं, कल्हईचं, तिथं एक छान होतं, सकाळी हात लावून बघून आले. 11 ला सुरू होणार म्हणून 10 ला गेलो. दीड वाजला तरी पातेल्याचा नंबर आला नाही. तिथं खायला काही नाही, चहा नाही, प्यायला पाणी नाही, आणि बायकांना जायला कुठं सोय नाही, हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. जाऊबाईंना साखर आहे, हातपाय कापायला लागले. आम्ही उठून आलो. आमच्यासारख्या घरच्या बायका, म्हातारी माणसं सगळी तशीच उठून गेली असणार, कारण नंतर कळलं की 2 वाजल्यानंतर तिथं फक्त भंगारवालेच उरले होते. आणि ते उरले की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते एकमेकांच्या वर बोलत नाहीत, आधीच ठरवून घेतात हे तुझं ते माझं, आणि तांबं-पितळ सगळं वजनावर जातं, मोडीच्या भावात. तेच पातेलं, कडीला एक पोचा होता म्हणून ओळखलं, आठ-दहा दिवसांनी एका दुकानात दिसलं, भाव ऐकून गप्प घरी आले.

आणि ह्या वेळी काय झालं बघा. खानापूरला जाणारी बस दीडला होती. एवढ्या पावसात, उपाशीपोटी, निम्मी माणसं त्या बसनं गेली असती. गेली नाहीत. ताडपत्रीखाली येऊन चहा घेत उभी राहिली, भजी घेतली, परत आत गेली, परत आली. पागोळ्यांच्या खाली का असेना, बरीच माणसं शेवटपर्यंत टिकली. बंब निघाला तेव्हा साडेतीन झालेले, एक भंगारवाला आणि गावचे एक गुरुजी यांच्यात अशी चढाओढ लागली की मी पण झारा खाली ठेवून ऐकत बसले. भंगारवाला दोनदा थांबला, त्याला वाटलं गुरुजी सोडतील. गुरुजींनी चहा मागवला. मग परत बोलले. बंब गुरुजींनी नेला, त्यांच्या सुनेला तो अंघोळीचं पाणी तापवायला पाहिजे होता. वस्तूला वस्तूचा भाव मिळाला, वजनाचा नाही. हा पैसा कुणाला गेला, त्या तीन भावंडांनाच ना? मग माझ्याकडनं जागेचे 1000 घ्यायचे की मला गाडीभाडं द्यायचं, हे लिलाववाल्यानंच सांगावं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की लिलाव घेणाऱ्यांनी जाहिरातीत जसं "अनामत रक्कम इतकी, माल आहे त्या स्थितीत" असं लिहितात तसं खाण्याची सोय आहे की नाही ते पण लिहावं. वेळ लिहिली की ती पाळावी, अर्धा तास इकडंतिकडं चालतं, पावणेतीन तास नाही चालत, आमचं अन्न आहे, लोखंड नाही की राहील तसंच. सोप्याचा एक कोपरा, नाही तर मागचा गोठा, नाही तर शेजारचं देऊळ असतं, पंचायतीचा हॉल असतो, कुठंही पण डोक्यावर छप्पर असलेली जागा द्यावी, आणि ते देता येत नसेल तर जागेचे पैसे घेऊ नयेत. घर विकायला काढलं म्हणून संडासाला कुलूप घालू नये, दिवसभर तरी उघडं ठेवावं. शहरात फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा तरी आहे, समिती आहे, आमच्यातल्या काहींना 2020 मध्ये सरकारच्या स्वनिधी योजनेचं 10,000 रुपयांचं कर्ज मिळालं त्यात धंदा उभा राहिला. खेड्यातल्या खासगी घरच्या अंगणात मात्र आमचं कुणीच नाही, फोनवरचा शब्द एवढाच कायदा. लेखी काही मागायची आपल्याला सवय नाही, मी पण मागितलं नव्हतं, आता मागणार.

एक गोष्ट राहिली. शेवटी 5 वाजता किरकोळ सामान निघालं, तेव्हा मी पण आत गेले, हात पुसत. बिडाचा पड्डूचा, म्हणजे आप्प्यांचा तवा, बारा खड्ड्यांचा, इतका जड की दोन्ही हातांनी उचलावा लागतो, तळ घासून घासून आरशासारखा झालेला. लिलाववाल्याला तो काय आहे हेच सांगता येईना, गोट्या खेळायचं काहीतरी म्हणाला. भंगारवाल्यानं 500 म्हटलं. मी 600 म्हटलं. तो 700. मी 800 म्हटलं आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं दिवसभरात माझ्याकडनं सात चहा घेतलेले, हसला आणि गप्प बसला. म्हणजे 940 मधले 800 तिथंच देऊन आले, टेम्पोवाला म्हणतो मावशी तुम्ही धंद्याला आलता की बाजाराला. आत ती पुण्याची बाई उभी होती, तवा मी उचलला तर म्हणाली ह्याला आधी कांदा घासा, मग तेल, नाहीतर पहिला घाणा चिकटतो. बरोबर निघालं, घासला नाही म्हणून पहिला चिकटलाच.

आता गाडीवर सकाळी पड्डू पण असतात, शेंगदाण्याची चटणी, सहाची प्लेट 30 रुपये. जागेचे 1000 मी परत मागितलेत, निदान 500 तरी, फोन उचलत नाहीत, पेपर वाचत असतील म्हणून हितं लिहिलं. श्रावणात अजून एका घरचा लिलाव आहे म्हणे तिकडंच, बोलावलं तर जाणार आहे. ताडपत्र्या दोन नेणार आणि पत्रा माझा स्वतःचा.

आपली,
एक भजीवाली
शहापूर, बेळगाव